गाडी स्लोला थरथरते? आधी हा फिल्टर पाहा

भिवंडी असो वा मालेगाव, कपड्याच्या कारोबारात गाडी म्हणजे दुसरे दुकानच. ती रस्त्यावर ठीक पळते. पण सिग्नलला थांबली की थरथरते, रेस वरखाली होते, कधी बंदच पडते. माझ्या मालाच्या पेट्रोल व्हॅनला हाच आजार जडला. प्लग बदलले, हवेचा फिल्टर बदलला. फरक पडला नाही. मग एका गॅरेजात इंजेक्टर आणि टाकीतला पंप बदलण्याचा सल्ला मिळाला. सुदैवाने दुसऱ्या एका जाणत्या उस्तादांनी गाडीखालून फोमचा छोटा तुकडा काढून दाखवला. तो धूळ आणि रुईने गच्च भरला होता. तो साफ केला आणि गाडी शांत झाली.

हा तुकडा कशासाठी असतो, ते समजून घेऊ. टाकीतील पेट्रोलची सतत वाफ होते. ती हवेत जाऊ नये म्हणून कोळशाचा एक डबा बसवलेला असतो. त्याला कॅनिस्टर म्हणतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७० च्या मॉडेलपासून अशी व्यवस्था सक्तीची झाली. आज आपल्याकडच्या पेट्रोल गाड्यांतही ती असते. कोळसा वाफ धरून ठेवतो. इंजिन गरम झाले की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, डब्याच्या दुसऱ्या तोंडातून ताजी हवा आत येते आणि वाफ इंजिनात जाऊन जळते. ताजी हवा येते त्या तोंडावरच हा फिल्टर असतो.

तो बंद झाला की इंजिनाची ओढ थेट टाकीवर येते. टाकीतील गाढी वाफ इंजिनात शिरते. वेगात ती खपून जाते. पण स्लोला इंजिन थोडीच हवा घेते, त्यामुळे हिशेब बिघडतो.

ओळख सोपी आहे. इंजिन बंद करून टाकीचे झाकण उघडा. हवा जोरात आत खेचल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी काही वेळ नीट चालून पुन्हा थरथरू लागली, तर फिल्टरवर संशय घ्या. मात्र इंजिन थंड असतानाही पर्ज व्हॉल्व्ह ओढत असेल, तर तो व्हॉल्व्हच उघडा अडकला आहे; फिल्टर साफ करून उपयोग नाही.

काम मोकळ्या हवेत, थंड इंजिनावर करा. बिडी, सिगारेट, दिवा जवळ नको. काही गाड्यांत डबा बॉनेटखाली असतो, काहींत मागे टाकीजवळ. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. कागदी असेल तर बदला. काही गाड्यांत तो डब्याच्या आतच असतो, तेव्हा डबा बदलावा लागतो. डबा कधीही धुऊ नका. कोळसा खराब होतो. नळ्यांना चिरा आहेत का, तेही पाहा.

एक सवय सोडा. पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावर रक्कम गोल करण्यासाठी आणखी पेट्रोल घालू नका. ते द्रवरूपात डब्यात उतरते आणि कोळसा निकामी करते.

काही मिस्त्री डब्याची नळी काढून तोंड बंद करून देतात. गाडी सुधारल्यासारखी वाटते. पीयूसीत सायलेन्सरचा धूर मोजतात, टाकीची वाफ नाही. म्हणून कोणी पकडत नाही. पण ती वाफ आपल्याच मोहल्ल्यातील मुलांच्या छातीत जाते. मापात खोट करणाऱ्याला आपण दुकानात उभे करत नाही. मग जे तपासले जात नाही, तिथेही तोच ईमान ठेवायला हवा. मोठा खर्च सांगितला तर आधी मिस्त्रीला हा फिल्टर दाखवायला सांगा.