कळविणाऱ्याची कुचंबणा

२६ जानेवारी २०१८ च्या रात्री कोल्हापुरात शिवाजी पुलाचा दगडी कठडा तोडून एक मिनीबस पंचगंगेच्या पात्रात कोसळली आणि १३ जीव गेले. त्या क्षणीची चूक चालकाची असेलही. परंतु या एकोणिसाव्या शतकातील पुलाशेजारी पर्यायी पुलाचे अर्धवट बांधकाम कित्येक वर्षे उभे होते, हे करवीरकरांना कोणी निराळे सांगावयास नको. ब्रह्मपुरीच्या संरक्षित टेकडीपासून १०० मीटरांच्या आत बांधकाम करू नये, या पुरातत्त्व कायद्यात २०१० साली आलेल्या तरतुदीने ते अडले होते. नागरिकांनी निवेदने दिली, आंदोलने केली. म्हणजे धोका कोणी कळविलाच नाही, असे घडलेले नाही. कळविलेले ऐकून हालचाल करण्याचे उत्तरदायित्व कोणाचे, एवढेच ठरलेले नव्हते. दुर्घटनेनंतर मात्र रखडलेले काम मार्गी लागले.

तरीही पुलाची अवस्था रस्त्यावरून जाणाऱ्याला निदान दिसते. संस्थेच्या भिंतीआड काय चालते, ते आतल्यालाच ठाऊक. ऑगस्ट २०१६ मध्ये महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एस. टी. गाड्या गेल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यातील पाहणीत पूल धोकादायक आढळला नव्हता, असे शासनाने सांगितले. पाहणी झाली होती, तिची नोंदही होती. ती करताना एखाद्या कनिष्ठ अभियंत्याच्या मनात शंका आली असती, तर ती त्याने कोणत्या कागदावर उतरवावयाची आणि त्या कागदाचे पुढे काय व्हावयाचे?

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील १९८६ चे प्रकरण जुन्या वाचकांच्या स्मरणात असेल. औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होते. मूत्रपिंडे निकामी होऊन १४ रुग्ण दगावले. ती बाटली रुग्णाच्या खाटेपाशी येईपर्यंत खरेदी करणारे, तपासणारे, परवाना देणारे असे अनेक हात मध्ये होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने ही साखळी उघडी केली. पण आयोग नेमावा लागतो याचाच अर्थ आतली यंत्रणा वेळेवर बोलली नाही.

बोलावे कसे? वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत, व्यवसायबंधूंचे अकुशल वा अनैतिक वर्तन न भिता उघड करावे, असे स्पष्ट म्हटले आहे. नियम उत्तम आहे. मात्र जो तरुण डॉक्टर आपल्या वरिष्ठाविरुद्ध लिहील, त्याची पुढची नेमणूक कोणाच्या शिफारशीवर अवलंबून असते, याविषयी संहिता मौन पाळते. परिचारिकेची स्थिती तर याहून नाजूक. आपल्याकडे अशा माणसाला 'चहाडखोर' म्हणतात, आणि हा शब्द एकदा चिकटला की निवृत्तीपर्यंत सुटत नाही.

संसदेने २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. तो अद्याप अंमलात आलेला नाही. आला तरी त्याचा रोख भ्रष्टाचार, अधिकाराचा हेतुपुरस्सर दुरुपयोग आणि लोकसेवकांचे फौजदारी गुन्हे यांवर आहे. निव्वळ हलगर्जीपणा त्याच्या चौकटीत बसत नाही, खासगी रुग्णालय तर नाहीच. शिवाय निनावी तक्रारीची त्यात दखल नाही. माहितीच्या अधिकाराने नागरिकाच्या हाती कागद येतो खरा, पण तो बहुधा घटनेनंतर.

म्हणून मागणी लहानच करावी. लेखी इशारा मिळाल्यावर ठरावीक दिवसांत सकारण उत्तर देणे बंधनकारक असावे आणि ते उत्तर देणाऱ्याचे पदनाम त्याखाली असावे. तसेच इशारा देणाऱ्याची पुढील काही वर्षांतील बदली त्याच्या वरिष्ठाच्या हाती नसावी. खर्चाची सबब येथे चालणारी नाही. पुलाच्या टोकाला वाहनांच्या भारमर्यादेचा फलक लावतातच. त्यावर शेवटच्या पाहणीची तारीख आणि पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम लिहावयास असा कितीसा रंग लागेल?