परदेशी सून आणि सरकारी दाखले

खानदेशांतील घरचीं मुलें विद्येसाठीं परदेशीं जाऊं लागल्यापासून, तिकडेच विवाह करून आलेली सून जळगांव-धुळ्यास नवलाची राहिली नाहीं. सासूबाई तिच्यासाठीं वरणबट्टी करावयास उत्सुक असतात. सरकार मात्र आधीं दाखला मागतें.

विवाह तिकडील कायद्यानें झाला असल्यास मूळ दाखल्यावर त्याच देशाच्या सरकारची अपोस्टिल ही प्रमाणमुद्रा घ्यावी. भारत त्या करारांत २००५ सालापासून आहे. वधूवरांपैकीं एक भारतीय नागरिक असेल, तर १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याच्या १७ व्या कलमान्वयें आपल्या वकिलातींतही नोंद करवितां येते. हें तिकडेच उरकावें. घरीं परतल्यावर तिकडची कचेरी शोधणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय.

पत्नी म्हणून तिला एन्ट्री व्हिसा मिळतो. जिल्ह्यांत परदेशीयांच्या नोंदणीचें काम पोलीस अधीक्षकांकडे असतें; अर्ज मात्र हल्लीं संगणकावरून.

नोंदलेला विवाह अखंड दोन वर्षें टिकला म्हणजे ती ओ. सी. आय. कार्डास पात्र होते. ये-जा व वास्तव्य त्यानें निर्वेध होतें, पण तें नागरिकत्व नव्हे. मताधिकार नाहीं, आणि आमच्याकडे जिव्हाळ्याची गोष्ट म्हणजे, केळीची बाग तिच्या नांवें विकत घेतां येत नाहीं. घटस्फोट झाल्यास कार्डही रद्द होऊं शकतें.

नागरिकत्वासाठीं सात वर्षें येथें राहून मूळ देशाचें नागरिकत्व सोडावें लागतें. तो निर्णय सर्वस्वी सुनेचा. वडीलधाऱ्यांनीं त्याचा लकडा लावूं नये. नातवंड मात्र येथें जन्मल्यास, पिता भारतीय व मातेचें वास्तव्य कायदेशीर असलें म्हणजे, जन्मतःच भारतीय ठरतें.