मुक्कामाची रात्र आणि कुलूपबंद रायफल

कोल्हापूरला नेमबाजीचे वेड जुने आहे. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत इथल्याच. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. त्यांच्यामागून रेंजवर उतरलेली पोरे-पोरी भोपाळ-दिल्लीच्या स्पर्धांना जातात, आणि काही कुटुंबे सरळ गाडीच काढतात. पण कोल्हापूर ते भोपाळ हे अंतर एका दमात कापण्यासारखे नाही. धुळ्याला, शिरपूरला नाहीतर इंदूरला मुक्काम पडतोच. चोवीस वर्षांची मुलगी, तिच्या नावावरची पॉइंट टू-टू रायफल, गाडी चालवणारे बाबा आणि रात्री दहाला सापडलेले हॉटेल, एवढे गृहीत धरून पुढचे वाचावे.

कुलूप कुठले घ्यायचे हा प्रश्न नंतरचा. आधी ताबा कोणाचा, हे पक्के करायचे. हॉटेलच्या खोलीची एक किल्ली आपल्या खिशात असते आणि दुसरी काउंटरमागच्या खिळ्याला. सफाईवाला, वायरमन, मॅनेजर यांतला कोणीही आपल्या माघारी खोली उघडू शकतो. शस्त्र परवाना मात्र एकाच माणसाच्या नावाचा असतो. म्हणून ‘मॅनेजरसाहेब, एवढी पेटी रात्रभर तुमच्या तिजोरीत ठेवता का?’ हा सुचणारा पहिला उपायच सर्वांत वाईट. समोरच्याला शस्त्र बाळगण्याचा अधिकार आहे की नाही याची खात्री न करता ते त्याच्या हवाली करणे, हा शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम २९खाली गुन्हा आहे. बिचाऱ्या मॅनेजरलाही आपण विनाकारण गोत्यात आणतो.

बाबांचे काय? कलम ३मध्ये थोडी मोकळीक आहे. परवानाधारकाच्या समक्ष, किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल तर, त्याच्याच वापरासाठीचे शस्त्र दुसऱ्याने वाहून नेले तर चालते. म्हणजे जिन्यावरून पेटी बाबांनी उचलायला हरकत नाही. पण मुलगी मैत्रिणीला भेटायला गावात आणि बाबा रायफलीवर पहारा देत खोलीत, हे मला तरी पटत नाही. किल्ली तिच्याकडे आणि तीही पेटीजवळ, हे बरे. जेवण खोलीवर मागवावे. शेवभाजी थोडी गार झाली तरी खाता येते.

निघण्यापूर्वीची कागदपत्रे तीन: मूळ परवाना, स्पर्धेचे पत्र आणि संघटनेचे ओळखपत्र. पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो आणि तो तिथल्या तिथे दाखवावा लागतो, तेव्हा ‘घरी आहे, फोटो पाठवायला सांगते’ हे उत्तर चालत नाही. परवान्यावरचा क्षेत्राचा रकाना तर दोनदा वाचावा. परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर पळासनेर ओलांडून सेंधव्याच्या घाटाला लागले की तो उपयोगाचा राहत नाही. या पट्ट्यात पोलीस जरा जास्तच डोळसपणे बघतात. सातपुड्यातले उमर्टी गाव गावठी पिस्तुलांसाठी बदनाम आहे आणि ती पिस्तुले याच बाजूने खाली महाराष्ट्रात उतरतात. १० मीटरच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. नळीच्या तोंडाशी वीस जूलच्या आतली ताकद असलेल्या ४.५ मिलिमीटरच्या एअरगनला २०१६च्या शस्त्र नियमांनी सूट दिली आहे. पण बॅटरीच्या उजेडात ते पिस्तूल खऱ्यासारखेच दिसते. तेव्हा त्याचे बिल आणि स्पर्धेचे पत्रही वर, हाताशी असू द्यावे.

हॉटेलला आधी फोन करावा आणि मॅनेजरशीच बोलावे: ‘परवान्याची स्पोर्ट्स रायफल आहे, बंद पेटीत राहील, चालेल ना?’ काही हॉटेले नाही म्हणतात. ते दुपारीच कळलेले बरे. काउंटरवर चार माणसांसमोर मात्र विषय काढू नये. पेटी रूमबॉयच्या हाती देऊ नये, आणि गाडी लावायला हॉटेलचा माणूस किल्ली मागत असेल तर त्याआधीच पेटी खाली काढलेली असावी. रात्रभर डिकीत ठेवणे हा आळस आहे. गाडी फुटली किंवा गाडीच गेली तर रायफलही गेली, आणि ते सकाळपर्यंत कळायचेही नाही.

आता खोलीत. दार लावले, पडदे ओढले की पेटी एकदाच उघडायची. रायफलीचे तोंड रिकाम्या कोपऱ्याकडे. बोल्ट मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघायचा, मग बोल्ट पूर्ण बाहेर काढायचा. तळहातापेक्षा थोडा लांब असा तो पोलादी दांडा. तो नसेल तर उरते फक्त एक महागडी नळी आणि दस्ता. चेंबरमध्ये नारिंगी सेफ्टी फ्लॅग घालायचा, रायफल पुन्हा पेटीत, पेटीला दोन कुलुपे. स्पोर्ट्स पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन काढायचे आणि मग स्लाइड मागे घेऊन चेंबर बघायचा. हा क्रम उलटा झाला तर चेंबरमधली गोळी बाहेर पडते आणि स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली दुसरी आत चढते.

बोल्ट खोलीतल्या लॉकरमध्ये ठेवावा. लॉकर भक्कम असतो म्हणून नव्हे. पाहुणे आकडा विसरतात, म्हणून उघडायचा मास्टर कोड हॉटेलकडे असतोच. शिवाय तो भिंतीला स्क्रूने बसवला आहे की नुसताच कपाटात ठेवलाय, हे हलवून बघावे. फायदा एवढाच की एका जागी हात मारणाऱ्याला चालती रायफल मिळत नाही. लॉकरच नसेल तर बोल्ट उशीखाली नको, स्वतःच्या कुलूपबंद बॅगेत. लॉकरमध्ये बोल्टसोबत गाडीची किल्ली ठेवावी, म्हणजे बोल्ट विसरून कोणी पुढे जाऊच शकत नाही.

पेटी कशाला बांधायची, हा आपल्याकडचा खरा पेच. पोलादी वायरदोर मिळतो, पण हॉटेलातल्या पलंगाला पायच नसतात, खाली सगळा प्लायवूडचा खोका. बाथरूममधला पाइप मजबूत असतो, पण तिथल्या ओलीने नळीला गंज चढेल. खिडकीला आतून लोखंडी गज असतील तर ते उत्तम. दोर त्यांतून ओवावा आणि पडदा नीट लावावा. कटर घेऊन आलेल्याला दोर थांबवणार नाही. पण बहुतेक धोका सहज उचलून नेणाऱ्याचा असतो, आणि त्याला तो पुरतो.

काडतुसे रायफलीपासून वेगळी, दुसऱ्या कुलपात. पॉइंट टू-टूचा डबा पन्नासाचा असतो. रात्री मोजून आकडा कागदावर लिहावा, सकाळी पुन्हा मोजावीत. हे काडतूस बोटाच्या पेरापेक्षा फार मोठे नसते, घरंगळून पलंगाखाली गेले की दिसत नाही. दुसऱ्या दिवशी झाडू मारणाऱ्याला ते सापडले की हॉटेल पोलिसांना फोन करणार, आणि त्यात त्यांचे काही चूक नाही.

नेमबाजांची एक खोड इथे सांगितलीच पाहिजे. रात्री खोलीत भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरून कोरडा सराव करायचा मोह सगळ्यांना होतो. मुक्कामाच्या हॉटेलात तो टाळावा. समोरच्या गॅलरीतून कोणी बघितले तर त्याला फक्त बंदूक दिसणार.

पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे शस्त्र जमा करण्याची सोय कायद्यात आहे. वाटेत लग्नासाठी चार दिवस थांबायचे असेल तर ती जरूर वापरावी, पावती घेऊन. एका रात्रीसाठी मात्र रात्री अकराला ठाणे अंमलदाराला नोंदी करायला लावायच्या आणि पहाटे पाचला परत मागायचे, हे दोघांनाही जड जाते.

आणि एवढे करूनही पेटी गेलीच, तर आधी हॉटेलमध्ये शोधाशोध करत तासभर घालवू नये. खोली तशीच बंद करावी, मॅनेजरला सीसीटीव्हीचे चित्रण जपायला सांगावे आणि परवानाधारकाने स्वतः जवळच्या पोलीस ठाण्यात जावे. रायफलीवरच्या क्रमांकाचा फोटो मोबाइलमध्ये आणि मूळ परवाना अंगावर असेल तर तक्रार लिहून व्हायला वेळ लागत नाही. परवाना पेटीतच ठेवला असेल तर तोही पेटीबरोबर गेलेला असतो. तक्रारीची प्रत घ्यावी आणि परवाना देणाऱ्या आपल्या कार्यालयालाही त्याच दिवशी लेखी कळवावे.