आकड्यांचे भाकीत आणि उपान्त्य सामना

अमेरिकेतील महाविद्यालयांच्या बास्केटबॉल स्पर्धेत उपान्त्य सामन्यांचे भाकीत आकड्यांवरून कसे वर्तवितात, आणि अशा भाकितावर किती विसंबावे, हा या लेखाचा विषय आहे. कामगार चळवळीतल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, कामगाराच्या आयुष्यात आकडे दोन वाटांनी शिरतात. मालक त्याच्या कामाचे आकडे मांडून त्याचा पगार ठरवितो. आणि पगार हाती आल्यावर आकड्याच्याच नादी लागून कित्येकजण तो उधळतात. आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि कोणत्या प्रश्नाचे देऊ शकत नाही, हे ज्याला उमगले तो दोन्ही ठिकाणी सावध राहील. हे समजावून घेण्यास खेळाचे उदाहरण फार सोयीचे आहे. कारण खेळात आधी भाकीत होते आणि दोन-अडीच तासांत त्याचा निकाल सर्वांसमक्ष लागतो.

प्रथम स्पर्धेची ओळख करून घेऊ. बास्केटबॉल हा खेळ जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने १८९१ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे तयार केला. थंडीच्या दिवसांत तरुणांना छपराखाली व्यायाम मिळावा म्हणून त्याने फळांच्या टोपल्या उंच टांगल्या व त्यांत चेंडू टाकावयास लावले. पुढे १९३९ मध्ये महाविद्यालयांच्या राष्ट्रीय क्रीडासंस्थेने आठ संघांची स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी ऑरेगॉनचा संघ विजयी झाला. १९८५ मध्ये संघांची संख्या ६४ झाली आणि २०११ मध्ये ६८. नियम साधा पण निष्ठुर आहे: एकदा हरला तो संघ घरी गेला. चार विभागांतून एकेक विजेता वर येतो आणि मार्चअखेर किंवा एप्रिलच्या आरंभी या चौघांचे दोन उपान्त्य सामने एकाच दिवशी, एकाच तिऱ्हाईत शहरात होतात. या चौघांस तिकडे ‘फायनल फोर’ म्हणतात.

आता भाकिताकडे वळू. सामान्य प्रेक्षक प्रथम काय पाहतो? संघाने किती सामने जिंकले आणि सामन्यागणिक सरासरी किती गुण मिळविले. पण ही सरासरी फसवी असते. एखाद्या गिरणीत आज किती वार कापड निघाले एवढेच सांगितले तर कामगार चांगला की वाईट हे कळत नाही. किती मागांवर, किती तासांत आणि कोणत्या सुतावर काम झाले हेही विचारावे लागते. खेळातही तसेच आहे. एक संघ धावपळीने खेळतो व चाळीस मिनिटांत त्याच्या हाती चेंडू ऐंशी वेळा येतो. दुसरा संथ खेळतो व त्याच्या हाती साठ वेळाच येतो. पहिल्याने ८० गुण केले आणि दुसऱ्याने ६६, तर वरवर पाहता पहिला सरस वाटतो. परंतु चेंडूच्या प्रत्येक ताब्यामागे पहिल्याचा एक गुण पडला आणि दुसऱ्याचे एक पूर्णांक एक दशांश. म्हणजे कसबी संघ दुसराच.

म्हणून आजचे हिशेबनीस शंभर ताब्यांमागे संघ किती गुण करतो आणि किती गुण देतो, हे दोन आकडे मुख्य मानतात. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे विख्यात प्रशिक्षक डीन स्मिथ यांनी ताब्यामागे गुण मोजण्याचा आग्रह फार पूर्वीच धरला होता. डीन ऑलिव्हर या अभ्यासकाने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्याच पायावर चार घटकांचा हिशेब मांडला. पहिला घटक नेमबाजी. तीत तीन गुणांच्या फेकीला दोन गुणांच्या फेकीच्या दीडपट मोल देतात. दुसरा, फेक न करताच चेंडू गमावण्याचे प्रमाण. तिसरा, आपली चुकलेली फेक आपल्याच हाती परत मिळविण्याचे प्रमाण. चौथा, प्रतिपक्षाच्या नियमभंगामुळे मिळणाऱ्या मुक्त फेकी. या चौघांना ऑलिव्हरने साधारणपणे शेकडा ४०, २५, २० आणि १५ असे वजन दिले. म्हणजे नेमबाजी सर्वांत मोठी खरी, पण उरलेले तीन घटक मिळून तिच्याहून भारी होतात.

यानंतर प्रतिपक्षाचा विचार येतो. दुबळ्या संघांविरुद्ध केलेले गुण आणि बलाढ्य संघांविरुद्ध केलेले गुण एकाच तागडीत घालता येत नाहीत. अमेरिकेत साडेतीनशेहून अधिक महाविद्यालये या पहिल्या श्रेणीत खेळतात. त्यातील बहुतेकांची एकमेकांशी कधी गाठच पडत नाही. तेव्हा अ ने ब ला, ब ने क ला कसे खेळविले, यावरून अ आणि क यांची तुलना करावी लागते. हे काम यंत्रगणक करतो. अशा प्रतवाऱ्यांत केन पोमेरॉय याची प्रतवारी फार प्रसिद्ध आहे. हा मनुष्य मूळचा हवामानशास्त्रज्ञ, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे; त्याचे कारण पुढे येईलच.

एक कल्पित उपान्त्य सामना घेऊन हिशेब करून पाहू. सर्वसाधारण संघ शंभर ताब्यांमागे १०५ गुण करतो असे धरा. पहिला संघ १२२ करतो व ९२ देतो; दुसरा १२० करतो व ९८ देतो. पहिल्याची चढाई १२२, दुसऱ्याचा बचाव ९८. दोहोंची बेरीज करून सरासरीचे १०५ वजा केले की ११५ उरतात. याच रीतीने दुसऱ्याचे १०७ येतात. सामन्यात प्रत्येकी ६५ ताबे होतील असा अंदाज केला, तर धावफलक सुमारे ७५-७० असा निघतो. पहिला संघ पाच गुणांनी जिंकेल, असे झाले.

येथेच पुष्कळ लोक थांबतात, आणि येथेच थांबू नये. कारण या खेळात प्रत्यक्ष फरक हा अपेक्षित फरकापासून सर्वसाधारणपणे दहा-अकरा गुणांनी इकडेतिकडे होतो, असा हजारो सामन्यांचा अनुभव आहे. एवढ्या मोठ्या चढउतारापुढे पाच गुणांची आघाडी ती किती! हिशेब केला तर पहिल्या संघाच्या विजयाची शक्यता शंभरांत सदुसष्ट-अडुसष्टच्या आसपास येते. म्हणजे असे तीन सामने झाले तर त्यातला एक ‘दुबळा’ संघ जिंकावयाचा. आणि दोन्ही उपान्त्य सामन्यांत असेच अंतर असेल, तर दोन्ही भाकिते बरोबर येण्याची शक्यता निम्म्याहूनही कमी, शेकडा सुमारे ४५ एवढीच राहते. विजेतेपदासाठी तर लागोपाठ सहा सामने जिंकावे लागतात. प्रत्येक सामन्यात शंभरांत नव्वद शक्यता असलेला असामान्य संघ घेतला, तरी सहाही जिंकण्याची त्याची शक्यता शंभरांत ५३ येते.

हा चढउतार कागदावरचा नाही. ७ डिसेंबर २०१५ रोजी हवाई बेटांतील पर्ल हार्बर येथे ओक्लाहोमाने व्हिलानोव्हाचा ७८-५५ असा तेवीस गुणांनी पराभव केला. व्हिलानोव्हाने त्या दिवशी तीन गुणांच्या बत्तीस फेकी केल्या आणि त्यातल्या चारच साधल्या. पुढे २ एप्रिल २०१६ रोजी ह्यूस्टन शहरात हेच दोन संघ उपान्त्य सामन्यात समोरासमोर आले. डिसेंबरचा निकाल ज्याने प्रमाण मानला असेल त्याने ओक्लाहोमाला कौल दिला असेल. सबंध वर्षाचे ताबे मोजणाऱ्यांचा कौल व्हिलानोव्हाकडे होता, तोही थोड्याच फरकाने. झाले काय? व्हिलानोव्हाने ४९ फेकींपैकी ३५ साधल्या आणि ९५-५१ असा चव्वेचाळीस गुणांनी विजय मिळविला. उपान्त्य व अंतिम सामन्यांच्या इतिहासात एवढा मोठा फरक पूर्वी कधी पडला नव्हता. तेच संघ, बहुतेक तेच खेळाडू. चार महिन्यांत सदुसष्ट गुणांची उलथापालथ! यावरून दोन धडे मिळतात. एका सामन्याहून सबंध वर्षाचा हिशेब अधिक विश्वासार्ह असतो, हा पहिला. आणि तो हिशेब विजेता बरोबर सांगूनही सामना कसा होईल हे सांगू शकत नाही, हा दुसरा.

आणखी दोन दाखले पुरेत. २०१५ साली केंटकीचा संघ ३८ सामने ओळीने जिंकून उपान्त्य फेरीत आला. आदल्या वर्षी याच फेरीत त्याने विस्कॉन्सिनला ७४-७३ असे एका गुणाने हरविले होते. या वेळी विस्कॉन्सिनने ७१-६४ असा त्याचा पराभव केला. अजिंक्य म्हणविणारा संघही प्रत्येक सामन्याला थोडी शक्यता हरण्याची घेऊनच उतरतो. दुसरा दाखला २०२५ चा. त्या वर्षी चारही विभागांतले प्रथम मानांकित संघ उपान्त्य फेरीत आले. असे पूर्वी एकदाच, २००८ मध्ये, घडले होते. ड्यूक आणि ह्यूस्टन यांच्या सामन्यात बहुतेक गणितांनी ड्यूकला वरचढ ठरविले होते, आणि उत्तरार्धात ड्यूक चौदा गुणांनी पुढेही होता. अखेरच्या सुमारे पस्तीस सेकंदांत ह्यूस्टनने ओळीने नऊ गुण केले आणि ७०-६७ असा सामना जिंकला. एक तीन गुणांची फेक, एक हिसकावलेला चेंडू, एक चुकलेली मुक्त फेक, एक नियमभंग. यातली प्रत्येक गोष्ट वर्षाच्या हिशेबात कोठेतरी नोंदलेली असते, पण ती कोणत्या क्षणी घडेल हे त्या हिशेबात नसते.

मग भाकीत करणारा चांगला की वाईट हे ठरवावयाचे कसे? एका सामन्यावरून मुळीच ठरवू नये. ग्लेन ब्रायर या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञाने १९५० मध्ये पावसाच्या अंदाजांसाठी एक कसोटी मांडली. पोमेरॉयसारखे लोक हवामानखात्यातून आले याचे महत्त्व येथे आहे. ज्या ज्या दिवशी ‘शंभरांत सत्तर’ असे सांगितले, त्या सर्व दिवसांपैकी शेकडा सत्तर दिवशी पाऊस पडला का, हे पाहावे. शिवाय प्रत्येक अंदाजाची चूक काढून तिचा वर्ग करावा. सत्तर सांगितले आणि संघ जिंकला तर दंड नऊ शतांश; हरला तर एकोणपन्नास शतांश. ‘खात्रीने जिंकेल’ असे ठोकून दिले आणि संघ हरला, तर दंड पुरा एक. ही कसोटी बढाईखोराला महागात पडते आणि आपल्या ज्ञानाची मर्यादा सांगणाऱ्याला मान देते. सभेत छातीठोक बोलणाऱ्या पुढाऱ्यांनाही ती लावण्यासारखी आहे!

आता आमच्या मुख्य काळजीचा मुद्दा. मुंबईत पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातून येणाऱ्या दरांच्या आकड्यांवर सट्टा चाले. पुढे १९६० नंतरच्या दशकात त्याची जागा मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याने घेतली आणि ‘मटका’ हे नाव रूढ झाले. गिरणगावात मागील आकड्यांचे तक्ते खिशात घेऊन हिंडणारी माणसे किती होती हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. त्या तक्त्यात काहीही ज्ञान नव्हते. काल कोणती चिठ्ठी निघाली याचा आजच्या चिठ्ठीशी संबंधच नसतो. बास्केटबॉलची गोष्ट वेगळी. तेथे कालचा खेळ आजच्या खेळाबद्दल खरोखर काही सांगतो. पण धोका तेथेच अधिक आहे, कारण खरे ज्ञान थोडे असले की माणसाला ते पुरेसे वाटू लागते. शिवाय पैज घेणारा धंदेवाईक त्याच हिशेबावरून आपला भाव बांधतो आणि वर आपली कसर कापून घेतो. तेव्हा बरोबर भाकीत करणाऱ्याच्या हातीही बहुधा नुकसानच राहते. २०१८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरील पैजांना आडकाठी करणारा केंद्रीय कायदा रद्द केला व राज्याराज्यांतून हा धंदा उघड सुरू झाला. त्याचा ताप महाविद्यालयीन खेळाडूंनाही होऊ लागला. २०२४ मध्ये क्रीडासंस्थेच्या अध्यक्षांनीच, एकेका खेळाडूच्या कामगिरीवर पैज लावण्यास बंदी घाला, अशी मागणी राज्यांकडे केली.

याच तक्त्यांत खेळाडूची प्रत्येक चूक नोंदलेली असते. परंतु त्याच्या श्रमाचे मोल किती, हा रकाना तेथे फार वर्षे नव्हता. २०१० साली या स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा चौदा वर्षांचा करार १०८० कोटी डॉलरना झाला, आणि खेळणाऱ्या मुलांना पगार म्हणून काहीच नव्हते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने क्रीडासंस्थेविरुद्ध निकाल दिला. मार्च २०२४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयाच्या बास्केटबॉलपटूंनी १३ विरुद्ध २ मतांनी कामगार संघटनेत जाण्याचा कौल दिला. वर्षअखेर तो अर्ज मागे घ्यावा लागला. जून २०२५ मध्ये मान्य झालेल्या तडजोडीने मात्र महाविद्यालयांना आपल्या खेळाडूंना सरळ पैसे देण्याची मुभा मिळाली. ताब्यामागे किती गुण हे मोजणारा समाज, ते गुण कोणाच्या घामाचे हे मोजावयास उशिरा शिकला, पण शिकू लागला आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी उपान्त्य सामन्याचे भाकीत सांगितले, तर वाचकांनी त्याला तीन प्रश्न विचारावेत. हा आकडा कशामागे मोजला आहे? किती सामन्यांवरून काढला आहे? आणि शंभरांत किती वेळा तुम्ही चुकाल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जो सरळ देईल त्याच्या शेजारी बसून सामना खुशाल पाहावा. जो देणार नाही, त्याच्या नादी लागून पगाराच्या पाकिटाला हात घालू नये. आणि मालकाने कामाचा आकडा पुढे केला, तर त्यालाही हेच तीन प्रश्न न संकोचता विचारावेत.