सीझन संपला, गाडी उभी राहिली... बॅटरीचं काय?



धंद्याची गाडी बाराही महिने पळतेच असं नाही. स्कूल व्हॅन मे महिन्यात उभी राहते. कोकणात पर्यटकांना फिरवणारी गाडी पावसाळ्यात ताडपत्रीखाली जाते. आंब्याच्या पेट्या वाहणारा पिकअप जूननंतर थंडावतो. मंडपवाल्यांचा टेम्पो लग्नसराई संपली की गणपतीची वाट बघत बसतो.

गाडी घेताना आपण हप्ता, डिझेल, इन्शुरन्स, ड्रायव्हरचा पगार सगळं मांडतो. पण उभ्या गाडीचा खर्च कुणी मांडत नाही. तो कळतो सीझनच्या पहिल्या दिवशी. सकाळी साडेसहाला मुलं कोपऱ्यावर उभी असतात, तुम्ही सेल्फ मारता, आणि आतून नुसतं ‘खट्... खट्...’

हा खर्च टाळण्याची पद्धत सोपी आहे. चारशे-पाचशेचं एक मीटर आणि महिन्यातला अर्धा तास, बस्स. आज ती नीट समजून घेऊ.

गाडी बंद असते, बॅटरी नाही

चावी काढली म्हणजे सगळं बंद झालं, असं आपल्याला वाटतं. पण घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म, म्युझिक सिस्टिमची मेमरी आणि इंजिनचा कॉम्प्युटर हे सगळे झोपेतही थोडा-थोडा करंट घेत असतात. प्रवासी वाहनात जीपीएस ट्रॅकर असेल तर त्यात आणखी भर पडते. गाडी जशी आहे त्याप्रमाणे हा करंट साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असतो. आकडा किरकोळ वाटतो ना? चला, हिशोब करू.

समजा, तुमच्या व्हॅनला ३५ अँपिअर-अवरची बॅटरी आहे आणि उभी असताना गाडी ३० मिलिअँपिअर घेते.

- एका दिवसात: ०.०३ × २४ = ०.७२ अँपिअर-अवर
- १ मे ते १५ जून, म्हणजे ४५ दिवसांत: ०.७२ × ४५ = ३२.४ अँपिअर-अवर

३५ पैकी ३२ गेले! तेही बॅटरी नवीकोरी आणि पूर्ण भरलेली होती असं धरून. दोन-तीन वर्षं जुनी असेल तर ती आधीच कमी साठवते, त्यामुळे महिनाभरातच उतरेल.

यात दुसरी गळती वेगळीच. कोणतीही बॅटरी वायर न जोडता नुसती ठेवली तरी आतल्या आत थोडी उतरत राहते. थंड जागेत हे हळू होतं, उन्हात भराभर. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात उघड्यावर उभ्या असलेल्या व्हॅनला दोन्हीकडून फटका.

‘उतरली तर चार्ज करू’ हा विचार महागात का पडतो?

कारण बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी नाही. टाकी महिनाभर रिकामी ठेवली तरी पुन्हा तेवढंच पाणी मावतं. बॅटरीचं तसं नाही.

आत शिशाच्या प्लेट आणि सल्फ्युरिक ॲसिड असतं. बॅटरी उतरते तेव्हा प्लेटवर लेड सल्फेटचा थर बसतो. लगेच चार्ज केली की तो विरघळून जातो. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिली, तर या थराचे कडक खडे बनतात आणि मग नेहमीच्या चार्जिंगने ते निघत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी. याला सल्फेशन म्हणतात. मग ‘चार्ज केली तरी टिकत नाही’ अशी तक्रार सुरू होते आणि चार वर्षं चालणारी बॅटरी दोन वर्षांत बदलावी लागते.

वॉरंटी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. वॉरंटी असते ती बनवताना राहिलेल्या दोषासाठी. पूर्ण उतरवून ठेवलेली बॅटरी सहसा त्यात बसत नाही. कार्डावरच्या अटी एकदा वाचा.

मीटर लावा, अंदाज नको

हेडलाईट लागते म्हणजे बॅटरी चांगली, ही परीक्षा खरी नाही. लाईटला थोडा करंट पुरतो, सेल्फला एकदम खूप लागतो. डिझेल गाडीला तर आणखी जास्त.

एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी बॅटरीच्या दोन टर्मिनलवर व्होल्टेज बघा. गाडी बंद केल्या-केल्या मोजलं तर आकडा फुगलेला दिसतो, म्हणून ही रात्रभराची विश्रांती. साधारण अर्थ असा:

- १२.६ किंवा जास्त: पूर्ण भरलेली
- १२.४: पाऊण भरलेली. आता चार्ज करा
- १२.२: अर्धी. उशीर होतोय
- १२.० किंवा खाली: जवळपास उतरली. आजच चार्ज करा

तुमचा लक्ष्मणरेषेचा आकडा एकच: १२.४. त्याच्या खाली बॅटरी जाऊ द्यायची नाही.

गाडी किती दिवस उभी राहणार, त्यावर उपाय

*दोन आठवड्यांपर्यंत:* बॅटरी चांगली असेल तर फार काही करायला नको. निघताना केबिनचा लाईट, चार्जरला लावलेला मोबाईल, डॅशकॅम बंद आहे ना, एवढं बघा.

*दोन आठवडे ते महिना:* आठवड्यातून एकदा गाडी रस्त्यावर काढा आणि किमान अर्धा तास नीट चालवा. किंवा बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. म्हणजे पहिली गळती पूर्ण थांबते.

*महिन्यापेक्षा जास्त:* आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा, मग निगेटिव्ह काढा. शक्य असेल तर बॅटरीच बाहेर काढून घरात सावलीत ठेवा. महिन्यातून एकदा मीटर लावा आणि १२.४च्या जवळ आली की पुन्हा चार्ज करा. जागेवर वीज असेल तर स्मार्ट चार्जर उत्तम. तो बॅटरी भरली की आपोआप करंट कमी करतो. साधा चार्जर मात्र विसरून दोन दिवस लावून ठेवू नका, पाणी आटतं आणि प्लेट खराब होतात.

चार्जर विकत घ्यायचा नसेल तर जवळच्या बॅटरीवाल्याकडे चार्जिंगला टाका. त्याला ‘हळू चार्ज कर’ एवढं सांगा. नियम सोपा आहे: बॅटरीच्या अँपिअर-अवरच्या दहावा भाग. ३५ची बॅटरी असेल तर साडेतीन अँपिअर. गाडीला स्टार्ट-स्टॉप सिस्टिम असेल तर तिची बॅटरी वेगळ्या प्रकारची असते. तिला चालणाराच चार्जर वापरा.

काढताना-लावताना हा क्रम पाळा

१. गाडी बंद करा, चावी काढा, पाच-दहा मिनिटं थांबा. दारं आणि डिकी उघडी ठेवा, कारण काही गाड्यांत बॅटरी काढल्यावर सेंट्रल लॉक उघडत नाही.

२. आधी निगेटिव्ह (काळी, वजा खूण) सोडवा, मग पॉझिटिव्ह (लाल, अधिक खूण).

३. लावताना उलट: आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह.

हा क्रम का? गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह लागलेलं असताना पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला टेकला, तर सरळ शॉर्ट होतो आणि मोठी ठिणगी उडते. आधी निगेटिव्ह काढलं की हा धोकाच राहत नाही.

चार्जिंग करताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेतो. म्हणून जागा हवेशीर हवी, आणि जवळ विडी-सिगारेट, देवघरातला दिवा, गॅसची शेगडी काही नको. काही व्हॅनमध्ये बॅटरी सीटखाली असते. ती चार्जिंगसाठी बाहेरच काढा. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा ठेवा. ॲसिड लागलं तर भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर धुऊन लगेच डॉक्टरकडे जा.

टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर जमला असेल तर खाण्याच्या सोड्याचं पाणी आणि जुना ब्रश पुरतो. बॅटरीचं झाकण-बूच घट्ट असू द्या, ते पाणी आत जाता कामा नये. मग पुसून, कोरडं करून, टर्मिनल जोडल्यावर वरून थोडं व्हॅसलीन लावा. पावसाळी हवेत याचा चांगला उपयोग होतो.

हे चार गैरसमज सोडून द्या

*‘रोज पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवतो.’* सेल्फ मारताना बॅटरी जेवढं देते, तेवढं उभ्या गाडीच्या पाच मिनिटांत भरून येईलच याची खात्री नाही, कारण इंजिन मंद चालताना अल्टरनेटर कमी करंट देतो. वर एसी-लाईट चालू असेल तर आणखी तोटा. डिझेल जातं ते वेगळंच.

*‘फिल्टरचं पाणी टाकलं तरी चालतं.’* नाही. नळाचं, बिसलेरीचं, आरओचं, कोणतंच नाही. त्यातले क्षार प्लेटवर बसतात. फक्त डिस्टिल्ड वॉटर. खुणेच्या वर भरू नका, आणि ॲसिड तर कधीच टाकू नका.

*‘मेंटेनन्स-फ्री आहे, बघायला नको.’* मेंटेनन्स-फ्री म्हणजे पाणी टाकायला नको, एवढंच. उतरायची ती उतरतेच.

*‘फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते.’* आजच्या प्लॅस्टिकच्या डब्यातली बॅटरी फरशीमुळे उतरत नाही. तरी ओल आणि ॲसिडचे डाग टाळायला लाकडी फळीवर ठेवा, आणि लहान मुलांच्या हाताबाहेर.

आता धंद्याचा हिशोब

समजा, बॅटरी ५,००० रुपयांची आहे. चार वर्षं चालली तर वर्षाचा खर्च १,२५०. निष्काळजीपणामुळे दोनच वर्षं चालली तर २,५००. तुमच्याकडे तीन गाड्या असतील तर वर्षाला ३,७५० रुपये उगाच गेले. एवढ्या पैशात सगळ्या गाड्यांना पुरेल असा चार्जर आणि मीटर येऊ शकतं.

पण खरा तोटा बॅटरीचा नाही. पहिल्याच दिवशी गाडी आली नाही, तर पालक दुसरा व्हॅनवाला शोधतात. पर्यटकाची ट्रेन चुकते. डेकोरेशनवाला पुढच्या वेळी दुसऱ्याला फोन करतो. बॅटरी दुकानात मिळते, गेलेला ग्राहक मिळत नाही.

म्हणून वहीत प्रत्येक गाडीचं एक पान करा: बॅटरी कधी घेतली, बिल कुठे आहे, कोणत्या तारखेला किती व्होल्टेज होतं. दोन सीझनचे आकडे समोर असले की कोणती बॅटरी थकली आहे हे आधीच कळतं, आणि तुम्ही घाईत मिळेल त्या भावात न घेता चार दुकानं फिरून घेता. नवीन घेताना जुनी परत द्यायला विसरू नका. शिशाची किंमत असते, दुकानदार ती बिलातून वजा करतो. भंगारात टाकण्यापेक्षा पर्यावरणासाठीही तेच योग्य.

आणि ज्यांचं छोटं गॅरेज आहे किंवा काढायचं आहे, त्यांनी याकडे संधी म्हणूनही बघा. तुमच्या भागात सुट्टीत उभ्या राहणाऱ्या दहा व्हॅन असतील, तर ‘सुट्टीत बॅटरी सांभाळून देतो, महिन्याला अमुक रुपये’ ही सेवा देता येईल. गरज खरी आहे आणि भांडवल थोडं लागतं. शिवाय त्याच गाड्या पुढे सर्व्हिसिंगला तुमच्याकडे येतील.

सीझनच्या आठ दिवस आधी

बॅटरी बसवा, मीटर लावा, गाडी चालू करा. इंजिन चालू असताना व्होल्टेज साधारण १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे. तेवढं दिसलं तर अल्टरनेटर नीट चार्ज करतोय. मग अर्धा तास फेरी मारा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजा. आकडा १२.४च्या खाली आला असेल तर अजून सात दिवस हातात आहेत. बॅटरीवाल्याकडे जाऊन लोड टेस्ट करून घ्या.

आजचं काम एवढंच: तुमची गाडी पुढे कधी आणि किती दिवस उभी राहणार आहे, ती तारीख कॅलेंडरवर लिहा. त्याच पानावर महिन्यातून एका दिवसाला गोल करा आणि लिहा, ‘बॅटरी: १२.४’.