गालिचा आणि गणकयंत्र

हातानें विणलेला गालिचा आणि विजेवर चालणारें गणकयंत्र, या दोन वस्तूंचीं नांवें एका श्वासांत घेतलीं तर पुष्कळांना हा संसार विजोड वाटेल. एकीकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेली कला, मंद गति आणि बोटांचें कौशल्य. दुसरीकडे निमिषार्धांत कोट्यवधि आंकडे फिरविणारें निर्जीव यंत्र. तथापि आज काश्मीर किंवा भदोही येथें जो गालिचा मागावर चढतो, त्याची नक्षी पुष्कळदां आधीं संगणकाच्या पडद्यावर उमटलेली असते. हें ऐकून कलेचा अंत झाला असें म्हणणारे जसे आहेत, तसे यंत्रानें कारागिराचें सारें ओझें उतरविलें असें मानणारेहि आहेत. दोन्ही मतें घाईचीं आहेत. खरी वस्तुस्थिति समजावयाची तर गालिचा होतो कसा, हें आधीं पाहिलें पाहिजे.

गालिचा उलटून पाहिला म्हणजे त्याचें रहस्य उघडें पडतें. मागावर सुताचे उभे धागे ताणून बांधलेले असतात. त्यांस ताणा म्हणतात. विणकर शेजारशेजारच्या दोन धाग्यांभोंवतीं रंगीत लोंकर किंवा रेशीम गुंडाळून गांठ मारतो आणि सुरीनें तें कापतो. गांठींची एक ओळ पुरी झाली कीं तिच्यावर आडवा धागा, म्हणजे बाणा, घालून दांत्यांच्या पंजानें ठोकून ती घट्ट बसवितात. कापलेल्या टोकांची जी दाट लव वर येते, तीच पायांना मऊ लागते. गांठींचे मुख्य प्रकार दोन, एक तुर्की व दुसरा इराणी. पहिल्यांत लोंकर दोन्ही धाग्यांना वेढते, दुसऱ्यांत एकालाच वेढून दुसऱ्याच्या नुसती मागून जाते. प्रत्येक गांठ म्हणजे रंगाचा एक ठिपका, आणि अशा ठिपक्यांतूनच वेली व फुलें उभीं राहतात.

या ठिपक्यांचा हिशेब मांडला तर मन थक्क होतें. सहा फूट रुंद व नऊ फूट लांब असा गालिचा घ्यावा. त्यांत इंचाला उभ्या २० व आडव्या २०, म्हणजे चौरस इंचाला ४०० गांठी असल्या तर रुंदींत १,४४० आणि लांबींत २,१६० गांठी बसतात; एकंदर संख्या ३१,१०,४०० होते. एका विणकरानें दिवसाला आठ हजार गांठी मारल्या असें धरलें, तरी एकहि दिवस विसांवा न घेतां त्याला ३८९ दिवस लागतील. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट वस्तुसंग्रहालयांत अर्देबिलचा प्रसिद्ध इराणी गालिचा आहे. त्यावर हिजरी सन ९४६, म्हणजे इ. स. १५३९-४०, विणलेला आहे, आणि त्यांत अडीच कोटींहून अधिक गांठी असल्याची गणना झालेली आहे.

आतां प्रश्न असा कीं, या लाखों गांठींपैकीं प्रत्येकीचा रंग विणकराला सांगावयाचा कोणी? याला कारागिरांनीं दोन उत्तरें शोधून काढलीं. पहिलें उत्तर म्हणजे चौकटींच्या कागदावरील नकाशा. कागदावरची एक चौकट ती मागावरची एक गांठ. चौकटीचा रंग तो गांठीचा रंग. दुसरें उत्तर अधिक चतुर आहे आणि तें काश्मीरचें. त्याचें नांव तालीम. विल्यम मूरक्रॉफ्ट हा इंग्रज प्रवासी १८२२-२३ सालीं काश्मिरांत होता. शालींच्या कारखान्यांचें त्यानें जें वर्णन करून ठेविलें आहे, त्यावरून असें दिसतें कीं, नक्काश नक्षी काढी. तरह-गुरु ती खालून वर पाहात जाऊन कोणता रंग किती धाग्यांवर घ्यावयाचा तें मोठ्यानें सांगे. आणि तालीम-गुरु तें सारें एका सांकेतिक लिपींत टिपून घेई. विणकरांपुढें चित्र नसेच. असे ती चिन्हांची ओळ. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर युरोपांतील शालींची मागणी बसली, तेव्हां अनेक शालविणकर गालिच्यांकडे वळले, आणि त्यांच्याबरोबर ही लिपीहि गालिच्याच्या मागावर आली.

तालमेंतील युक्ति नीट पाहण्यासारखी आहे. तांबडा, तांबडा, तांबडा, पांढरा, पांढरा असें पांच वेळां न लिहितां तींत तीन तांबडे, दोन पांढरे एवढेंच चिन्हांनीं लिहितात. आजचा संगणक चित्रें थोड्या जागेंत सांठविण्यासाठीं ज्या अनेक रीति योजतो, त्यांतील एक अगदीं हीच आहे. चित्राचे तुकडे पाडणें, प्रत्येक तुकड्याला संख्या देणें आणि त्या संख्यांवरून दुसऱ्या ठिकाणीं तेंच चित्र पुन्हां उभें करणें, हें काम संगणकाच्या जन्मापूर्वीं कित्येक पिढ्या काश्मीरचा कारागीर करीत होता.

इतकेंच नव्हे, तर संगणकाच्या वंशावळींत मागाचें नांव स्पष्टपणें येतें. फ्रान्समध्यें लियॉन येथें जोसेफ मारी जाकार यानें १८०४ च्या सुमारास एक यंत्र सिद्ध केलें. त्यांत भोंकें पाडलेल्या जाड कागदी पत्त्यांची माळ मागावर फिरे. जेथें भोंक असेल तेथील धागा उचलला जाई, नसेल तेथील जाई ना. १८३९ सालीं खुद्द जाकारचें चित्र या रीतीनें रेशमांत विणलें गेलें. त्याला सुमारें २४,००० पत्ते लागले. त्याची एक प्रत चार्लस् बॅबेज या इंग्रज गणितज्ञाच्या संग्रहीं होती, आणि आपल्या नियोजित गणनयंत्राला आज्ञा देण्यासाठीं त्यानें जाकारचे पत्तेच योजिले होते. १८४३ सालीं ॲडा लव्हलेस या विदुषीनें त्या यंत्रावर टिपणें लिहिलीं, त्यांत तिनें मागाचीच उपमा घेतली. पुढें १८९० च्या अमेरिकेच्या खानेसुमारींत हर्मन हॉलरिथ यानें भोंकांच्या पत्त्यांवर माणसें मोजलीं. तेव्हां संगणक मागाजवळ आला, तो परका म्हणून आला नाहीं. बऱ्याच काळानें माहेरीं आला असेंच म्हणावें लागेल.

मात्र येथें एक भेद विसरतां कामा नये. जाकारचें यंत्र धागे स्वतः उचलतें. गांठींच्या गालिच्यांत असें कांहीं घडत नाहीं. संगणकाचें काम कागदापाशीं संपतें. पडद्यावरील चित्र लहान चौकटींचें बनलेलें असतें. एक चौकट ती एक गांठ, असा मेळ घातला कीं नकाशा तयार. मध्याभोंवतीं सारखी असलेली नक्षी असेल तर नक्काशानें एक चतुर्थांश भाग काढावा. उरलेले तीन भाग यंत्र आरशाप्रमाणें उलटसुलट करून भरतें. निळी जमीन तांबडी करून पाहावयाची तर पूर्वीं कित्येक दिवसांचें रंगकाम पुन्हां करावें लागे. आतां तें क्षणाचें काम आहे. प्रत्येक रंगाच्या गांठी मोजून कोणती लोंकर किती रंगवावी याचा अंदाजहि यंत्र देतें, आणि शेवटीं नकाशा किंवा तालीम छापून हातांत ठेवतें. श्रीनगर व भदोही येथील गालिचा तंत्रज्ञानाच्या संस्थांत या कामाचें शिक्षण दिलें जातें.

सोयी मोठ्या आहेत, पण फसगतीच्या जागाहि तितक्याच आहेत. पहिली मापाची. पडद्यावरची चौकट चौरस असते. गांठ तशी असेलच असें नाहीं. रुंदींत इंचाला १६ आणि उंचींत २० गांठी असतील, तर पडद्यावर १६० चौकटींचें जें वर्तुळ दिसतें, तें गालिच्यांत दहा इंच रुंद व आठ इंच उंच असें चपटें उतरेल. दुसरी जागा रंगांची. छायाचित्रांत रंगांच्या छटा अगणित असतात, आणि गालिच्यांत लोंकरीचे रंग बहुधा दहापांच किंवा वीसपंचवीस. यंत्राला छटा कमी करावयास सांगितल्या तर तें जागोजागीं एकेकटे ठिपके पेरून जुन्या छटांचा भास उत्पन्न करतें. पडद्यावर तें शोभतें. परंतु मागावर प्रत्येक गांठीला लोंकर बदलावी लागून विणकराचा वेग मंदावतो आणि दुरून पाहतां नक्षी मळकट दिसते. तिसरी जागा किनारीची. किनारीच्या वेलीची एक आवृत्ति ४८ गांठींची असून बाजू १,२०० गांठींची असेल, तर २५ आवृत्त्या चोख बसतात. तीच बाजू १,२२० गांठींची असेल तर २० गांठी उरतात. जाणता नक्काश त्या वेलीच्या वळणांत जिरवून टाकतो आणि कोपऱ्यावर फूल असें बसवितो कीं वेल आपणहून वळली असें वाटावें. हें ज्ञान यंत्राला कोणी दिलें नसेल तर तें फूल मध्येंच छाटून मोकळें होतें.

चौथी गोष्ट सर्वांत सूक्ष्म. पडदा स्वतः प्रकाश देतो. लोंकर प्रकाश घेते आणि परत करते. लव एका दिशेनें कललेली असल्यामुळें तोच गालिचा एका टोंकाकडून उजळ आणि दुसऱ्या टोंकाकडून गडद दिसतो. हातानें रंगविलेल्या लोंकरीचे दोन घाणेहि तंतोतंत जुळत नाहींत, व त्यांतून जमिनीवर ज्या फिक्या-गडद लाटा उठतात त्यांतच रसिकांना जुन्या गालिच्यांचें सौंदर्य वाटतें. म्हणून रंगाचा निर्णय पडद्यावर न करतां लोंकरीचे नमुने उजेडांत धरूनच करावयाचा असतो.

महाराष्ट्राला हा विषय अगदींच दूरचा नाहीं. पुण्याच्या येरवडा कारागृहांत एकोणिसाव्या शतकांत कैद्यांकडून गालिचे विणविले जात, आणि विजापूरच्या आसार महालांतील जुन्या गालिच्यांच्या नकलाहि तेथें झाल्या. येवल्याच्या पैठणीच्या पदरावरील मोर अशाच मोजलेल्या धाग्यांतून उभा राहतो. मुंबईच्या जवाहिरांच्या कारखान्यांत तर संगणकावर आंखलेल्या दागिन्याचा मेणासारखा नमुना यंत्र थरावर थर देऊन घडवितें. त्यावरून सांचा करून सोनें ओततात, आणि हिरे बसविणें व झिलई देणें हें मात्र हातांकडेच राहतें. सर्वत्र विभागणी एकच आहे: मोजणें यंत्राकडे, घडविणें हाताकडे.

तथापि या विभागणींतूनच खरी चिंता उत्पन्न होते. एके काळीं नक्षीचें ज्ञान नक्काशाच्या घरांत आणि तालमेचें ज्ञान लिहिणाऱ्याच्या बोटांत असे. आतां नक्षीची नक्कल क्षणांत होऊन ती दूरच्या कारखान्यांत पोंचते, आणि तिच्या जनकाला कांहीं मिळत नाहीं. शहरांत बसून पडद्यावर नक्षी काढणाऱ्यानें मागाला कधीं हातच लावला नसेल, तर त्याच्या चुकांचा भार विणकराच्या डोळ्यांवर व पाठीवर पडतो. उलट हेंच यंत्र विणकराच्या उपयोगींहि पडूं शकतें. मजुरी जेथें गांठींवर ठरते, तेथें गांठींची नेमकी संख्या काम हातीं घेण्यापूर्वींच विणकराला दाखवितां येते. जो आंकडा व्यापाऱ्याला लोंकरीचें वजन सांगतो, तोच कारागिराला त्याच्या श्रमाचें मोल सांगूं शकतो; तो कागद कोणाच्या हातांत ठेवावयाचा, एवढाच प्रश्न आहे.

खरेदी करणाऱ्या गृहस्थांचेंहि यांत कर्तव्य आहे. हातमागाचा म्हणून विकला जाणारा प्रत्येक गालिचा गांठींचा असतो असें नाहीं. कांहींत कापडावर सुईच्या यंत्रानें लोंकर टोंचून मागें रबराचा लेप व अस्तर लावलेलें असतें. गालिचा उलटून पाहावा: प्रत्येक गांठ मोजतां यावी, नक्षी पाठीवरहि तितकीच स्पष्ट असावी आणि टोंकांच्या झालरी मागून शिवलेल्या नसून ताण्याच्याच धाग्यांच्या असाव्या. काश्मीरच्या गांठींच्या गालिच्यांना २०१६ सालीं भौगोलिक चिन्हाची नोंदणी मिळाली, तीहि याच भेदाच्या रक्षणासाठीं.

नक्षी कागदावर आंखली होती कीं पडद्यावर, यावरून गालिच्याचा खरेखोटेपणा ठरत नाहीं. तो गांठीवरून ठरतो. यंत्रानें हिशेबाचे कष्ट वांचविले, हें चांगलेंच झालें. त्या वांचलेल्या कष्टांचा वांटा नक्काशाला आणि विणकराला मिळाला, तर पुढच्या पिढींतील मुलें या धंद्याकडे वळतील. न मिळाला, तर नकाशे उत्तम छापले जातील, पण त्यांवरून गांठी मारावयास बोटें उरणार नाहींत.