मोराचा डोळा आणि दहा टक्के

बाहीवरच्या मोराला डोळाच नव्हता. डोळ्याच्या जागी काळ्या दोऱ्याची गाठ बसली होती आणि गळ्याकडचं कापड पुठ्ठ्यासारखं ताठ झालं होतं. त्याच ब्लाऊजच्या पाठीवर तोच मोर मात्र सुरेख उतरला होता, पिसान् पीस मोकळं. मशीन एकच, दोरा एकच, नक्षीही एकच. मग एक देखणा आणि दुसरा असा का? हे विचारायला मी आष्ट्यात, सांगली-इस्लामपूर रस्त्याच्या आतल्या गल्लीत, एम्ब्रॉयडरीचं काम करणाऱ्या ताईंकडे गेलो.

दुकानात एका हेडचं, बारा सुयांचं कॉम्प्युटर मशीन आहे. बाहेरून उसाच्या ट्रॉल्या गेल्या की शटर थरथरतं, आत मशीनचा आवाज चालूच असतो. कापड रिंगेत ताणायचं, खाली कागद लावायचा, बॉबिन भरायची, सुया ओवायच्या, ही सगळी तयारी ताई बोलता बोलता उरकतात. बाहीचा विषय काढला तशा थांबल्या.

“दहा टक्के,” त्या म्हणाल्या. “दहा टक्क्यांपर्यंत मशीन ऐकतंय. त्याच्या पुढं फाईल लहान केली की दोरा तुटतोय, सुई मोडतीय. गिऱ्हाईक म्हणतंय, पाठीवरचाच मोर बाहीवर बारका करून घाला. कसा घालू?”

त्यांच्या पेनड्राईव्हमधली फाईल डीएसटी जातीची. ताजिमा या जपानी कंपनीच्या मशीनसाठी निघालेली, पण आज जवळपास कुठलंही कारखानी मशीन ती वाचतं. तिच्यात मोर नसतो. सुईनं इकडे किती जायचं, तिकडे किती जायचं, एवढंच मिलिमीटरच्या दहाव्या भागात लिहिलेलं असतं. एका टाक्याला तीन बाइट, सुरुवातीला 512 बाइटचं टिपण, आणि एका दमात जास्तीत जास्त 12.1 मिलिमीटरची झेप. नऊ हजार टाक्यांचा मोर 28 केबीत मावतो. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर धाडतं तो मोराचा फोटो याहून कितीतरी जड, पण त्या फोटोत टाका एकही नसतो, हे पटवण्यात ताईंचा अर्धा दिवस जातो.

आता हा मोर ऐंशी टक्क्यांवर आणला, तर जागा 64 टक्केच उरते आणि टाके नऊ हजारच राहतात. दोऱ्याच्या दोन ओळींत 0.4 मिलिमीटर अंतर होतं, ते 0.32 होतं. पिसाऱ्यात ते एक वेळ खपून जातं. डोळ्यात नाही. तिथं आधीच बारीक असलेले टाके आणखी आखूड होतात, सुई त्याच त्याच भोकात उतरत राहते आणि गाठ धरते. उलट मोर फुगवला तर ओळी विरळ होऊन खालचं कापड डोकावतं.

डीएसटीत रंगही नसतात. ‘इथं थांब, सुई बदल’ एवढीच खूण असते. म्हणून ताईंच्या भिंतीवर कागद चिकटवलेत: गळा तीन नंबर, चोच सात, डोळा एक. ब्रदरच्या घरगुती मशीनची पीईएस फाईल रंग सोबत घेऊन येते, जानोमेला जेईएफ लागते. पण घाऊक बाजारात मिळणारं तयार डिझाईन बहुतेक डीएसटीतच येतं आणि ताईंच्या मशीनलाही तेच चालतं. त्यामुळे त्यांनी चुकीची फाईल निवडली असं मी म्हणणार नाही. चालवायला हीच बरोबर आहे.

चुकतं ते साठवायच्या फाईलमध्ये. पंचिंग करणारा, म्हणजे नक्षीची फाईल बनवणारा, ती आधी कॉम्प्युटरवर आखतो. हा पिसाचा आकार, हा साटिन टाका, ही दिशा, ही घनता. विल्कॉम या ऑस्ट्रेलियन कंपनीचं सॉफ्टवेअर असेल तर ते सगळं ईएमबी फाईलमध्ये राहतं. तिथं मोर लहान केला की टाके नव्यानं मोजले जातात, नऊ हजारांचे सहा होतात, ओळींतलं अंतर तेवढंच राहतं. डोळा तेव्हाही हातानं सुधारावा लागतो, पण सुधारता तरी येतो. ताईंना ती फाईल कधी मिळालीच नव्हती. पैसे पूर्ण दिले, हाती आले नुसते टाके. बाही वेगळी हवी तर परत पंचिंगवाल्याकडे, परत पैसे. कापड खणाऐवजी जॉर्जेट आलं तरी तेच.

पंचिंगवाल्याचीही एक बाजू आहे. मूळ फाईल दिली की महिन्याभरात ती दहा दुकानांत फिरते आणि त्याची मेहनत फुकट जाते. ही भीती खोटी नाही. तरीसुद्धा माझं मन ताईंकडेच झुकतं. दिवसभर सुईसमोर उभं राहून कुठं दोरा तुटतो हे ज्यांना कळतं, त्यांच्याच हातात तो टाका बदलायची सोय नाही, हे मला सलतं. इंकस्टिचसारखं फुकट साधन आज आहे. त्यात नक्षी आखून ठेवता येते आणि डीएसटी, पीईएस, जेईएफ यांतलं हवं ते काढता येतं. गावातच इंजिनिअरिंग कॉलेज आहे. दुपारची दोन तासांची शिकवणी तिथल्या एखाद्या पोरीनं घेतली तर अशा किती दुकानांचा प्रश्न सुटेल!

मी असतानाच ताईंनी पंचिंगवाल्याला फोन लावला. पाठ वेगळी, बाही वेगळी, बाहीच्या मोराला पिसं कमी, डोळ्याला मोजके टाके, कापड खण, असं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, “आणि ईएमबी पण पाहिजे. दहा टक्क्यांवर किती दिवस काढू मी?” पलीकडून आधी नकार आला. मग बऱ्याच वेळानं दीडपट पैसे सांगितले गेले.

“देते,” ताई म्हणाल्या, “पण दोन्ही फायली एकाच वेळी टाक.”